इंगाची वीज कुणाच्या घरी?

जगातल्या सगळ्यात मोठ्या वीजप्रकल्पांपैकी एक कुठे उभा राहू शकतो? काँगोत.

काँगो म्हणजे डेमोक्रॅटिक रिपब्लिक ऑफ काँगो, पूर्वीचा झैरे. लोकसंख्या 10 कोटींच्या वर. त्यातल्या जेमतेम पाचव्या हिश्शाला वीज मिळते. बाकीच्यांचा संसार लोणारी कोळशावर, रॉकेलवर आणि मेणबत्तीवर. आणि याच देशातून अ‍ॅमेझॉनखालोखाल जगातली सर्वात जास्त पाण्याची नदी वाहते.

मग अडलंय कुठे?

पाण्यात तर नाहीच. राजधानी किन्शासाच्या खाली, समुद्र गाठण्याआधी, काँगो नदी इंगा नावाच्या ठिकाणी एक मोठा वळसा घेते. तिथे ती 15 किलोमीटरच्या आत जवळजवळ 100 मीटर खाली उतरते. पाणी किती? सेकंदाला सरासरी 40 हजार घनमीटरहून जास्त. ही नदी विषुववृत्त दोनदा ओलांडते. उत्तरेचा पावसाळा सरला की दक्षिणेचा सुरू होतो. आपल्या नद्या जूनकडे डोळे लावून बसतात. ही बाराही महिने भरलेली असते.

गणित सोपं आहे, शाळेतल्या पोरालाही जमेल. सेकंदाला पडणारं पाणी घनमीटरमध्ये, गुणिले उतार मीटरमध्ये, गुणिले 9.8. उत्तर किलोवॉटमध्ये. इंगाचे आकडे घाला: 40,000 गुणिले 100 गुणिले 9.8. झाले 39 हजार 200 मेगावॉट. यंत्रातली तूट वजा करा आणि नदीचं सगळं पाणी वळवता येणार नाही हेही धरा. तरी जे उरतं ते चीनच्या थ्री गॉर्जेसच्या, म्हणजे 22,500 मेगावॉटच्या, पुढे जाऊ शकतं. आपली कोयना 1,960 मेगावॉटची. या कच्च्या हिशेबानं इंगा म्हणजे वीस कोयना.

वीस कोयना वाहून चालल्यात आणि देश अंधारात.

हे कुणाच्या लक्षात आलं नाही असं नाही. 1920 च्या दशकात एका बेल्जियन कर्नलनं इथल्या ताकदीचा हिशेब मांडला होता. तेव्हापासून अहवाल येतायत. बेल्जियन आले, इटालियन आले, फ्रेंच आले, अमेरिकन आले. तांत्रिकदृष्ट्या प्रकल्प शक्य आहे का? आहे. हे उत्तर शंभर वर्षांत बदललेलं नाही. बदलायचं कारणही नाही, कारण धबधबा जागचा हललेला नाही.

प्रश्नच चुकीचा विचारला जातोय.

कुठल्याही जलविद्युत प्रकल्पाचा व्यवहार्यता अहवाल उघडा. नदीचा प्रवाह किती, खडक कसला, भूकंपाची शक्यता काय, भिंत किती उंच, यंत्रं किती, खर्च किती, परतावा किती. सगळं असतं. वीज कुणाच्या घरात जाणार, तिथवर तार कोण ओढणार, त्या तारेचे पैसे कुठून येणार? हे अनेकदा नसतं. असलंच तर पुढच्या टप्प्यावर ढकललेलं असतं. गरिबाचा नंबर नेहमी पुढच्या टप्प्यात का लागतो?

इंगाचे दोन टप्पे झालेले आहेत, तेव्हा अंदाजानं बोलायची गरज नाही. इंगा 1 सुरू झालं 1972 मध्ये, 351 मेगावॉटचं. इंगा 2 आलं 1982 मध्ये, 1,424 मेगावॉटचं. सत्तेवर होते हुकूमशहा मोबुटू. 1,775 मेगावॉट वीज, आणि भोवती अंधारातला देश. आता गावं उजळली असतील, नाही?

नाही. तार निघाली थेट कटांगाला.

कटांगा म्हणजे देशाचं दुसरं टोक. तिथे तांब्याच्या खाणी. इंगापासून कटांगातल्या कोल्वेझीपर्यंत तब्बल 1,700 किलोमीटरची तार टाकली गेली. मुंबई-दिल्ली रेल्वेच्या अंतरापेक्षा लांब. जंगलं, नद्या, गवताळ माळ ओलांडून मनोरे उभे राहिले. वाटेत शेकडो गावं. एकाही गावात त्या तारेतून दिवा लागला नाही. थांबा नसलेल्या स्टेशनातून एक्स्प्रेस जावी तशी वीज धडधडत निघून गेली.

इथे तांत्रिक तपशील नीट पाहण्यासारखा आहे. ती तार एकदिश प्रवाहाची आहे, अभियंत्यांच्या भाषेत एचव्हीडीसी. एवढ्या लांबवर वीज न्यायची तर हीच पद्धत परवडते, वाटेत गळती कमी होते. पण आपल्या घरातली वीज असते उलटसुलट प्रवाहाची, म्हणजे एसी. एकदिश तारेतून मध्येच वीज काढायची तर त्या ठिकाणी रूपांतराचं अख्खं केंद्र बांधावं लागतं. गावाजवळ डीपी बसवून भागत नाही. केंद्रं बांधली दोनच. एक इंगाला, एक कोल्वेझीला. म्हणजे वाटेतल्या गावांना वीज द्यायचं राहून गेलं असं नव्हे. आराखड्यातच ती गावं वगळलेली होती.

निर्णय राजकीय, पण उतरला तारेत.

कटांगानं 1960 मध्ये फुटून निघायचा प्रयत्न केला होता. अडीच वर्षं वेगळं राज्य चालवलं. मोबुटूंना तो प्रांत मुठीत हवा होता. खुद्द कटांगात वीज निर्माण करता येण्यासारख्या नद्या होत्या. तरीही खाणींचं बटण राजधानीच्या हाताशी ठेवायचं तर वीज इंगाहूनच गेली पाहिजे. प्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य होता का? तांब्याचे भाव चढे होते तोवर कागदावर दिसत होता. 1970 च्या दशकाच्या मध्यावर भाव कोसळले. तार पूर्ण झाली ती त्यानंतर कित्येक वर्षांनी. खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला, अमेरिकी कर्ज डोक्यावर बसलं, आणि तारेतून जाणारी वीज तिच्या क्षमतेच्या जवळपासही पोचली नाही.

कर्ज फेडलं कुणी? ज्यांच्या घरात दिवा नव्हता त्यांनी.

पुढे मनोऱ्यांचे लोखंडी अँगल चोरीला जायला लागले. पोलादाचा तुकडा घरात उपयोगी पडतो, डोक्यावरून जाणारी वीज पडत नाही. चोरीचं समर्थन नको. पण त्या मनोऱ्यानं गावाला दुसरं दिलं तरी काय होतं?

आता यंत्रांचं बघा. इंगा 1 मध्ये सहा संच, इंगा 2 मध्ये आठ. देखभाल झाली नाही, सुटे भाग आले नाहीत, पाणी आणणाऱ्या कालव्यात गाळ भरत गेला. अनेक वर्षं दोन्ही केंद्रं मिळून निम्म्या क्षमतेच्या आसपास रखडत चालली. जागतिक बँकेनं 2007 मध्ये दुरुस्तीसह वीजबाजाराच्या प्रकल्पाला पैसे मंजूर केले. काम वर्षानुवर्षं लांबलं. तयार धरण, तयार इमारत, तयार पाणी. फक्त यंत्र फिरवायचंय. याहून स्वस्त वीज कुठे मिळणार? तरी दुरुस्ती मागे पडते आणि चर्चा होते ती 40 हजार मेगावॉटच्या ‘ग्रँड इंगा’ची.

दुरुस्तीचं उद्घाटन करायला राष्ट्राध्यक्ष येत नाहीत.

इंगा 2 चा पाचवा संच मात्र दुरुस्तीला लागला. 178 मेगावॉटचा. पैसे कुणी घातले? कामोआ-काकुला या तांब्याच्या खाणीनं. त्या कंपनीनं सरकारी वीजमंडळाशी, म्हणजे ‘स्नेल’शी, 2021 मध्ये करार केला: दुरुस्तीचा खर्च आम्ही करतो, बदल्यात वीज आम्हाला. कंपनीला दोष कशाला द्यायचा? तिला वीज हवी होती, तिनं रोकडा मोजला. प्रश्न सरकारला आहे. स्वतःच्या लोकांसाठी एक संच दुरुस्त करण्याची घाई सरकारला कधी झाली?

किन्शासाकडे वळू. दीड कोटीहून मोठं शहर. इंगापासून फार लांबही नाही. तरी भारनियमन रोजचं. तिथल्या फ्रेंचमध्ये त्याला ‘देलेस्ताज’ म्हणतात आणि हा शब्द लहान मुलालाही माहीत असतो. ज्यांच्या घरात तार पोचली आहे तेही शेगडी कोळशावरच पेटवतात, कारण वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. ‘मकाला’ म्हणतात त्या लोणारी कोळशाला. पोत्यांवर पोती शहरात येतात आणि शहराभोवतालचं जंगल दर वर्षी मागे सरकतं.

जलविद्युत प्रकल्पानं जंगल बुडतं, हे आपण ऐकत आलो. वीज घरी न पोचल्यानं जळणारं जंगल कुठल्या अहवालात मोजलं जातं?

आता इंगा 3. या प्रकल्पाचा इतिहास म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांची यादी. 2013 मध्ये दक्षिण आफ्रिकेनं काँगोशी करार केला. 2014 मध्ये जागतिक बँकेनं तयारीसाठी सात कोटी डॉलरहून अधिक रक्कम मंजूर केली, आणि 2016 मध्ये सरकारनं प्रकल्पाची सूत्रं राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाकडे ओढली तेव्हा मदत थांबवली. 2018 मध्ये चिनी आणि स्पॅनिश कंपन्यांचे गट एकत्र आले, आकडा फुगून 11 हजार मेगावॉट झाला. 2020 मध्ये स्पेनची मोठी कंपनी बाहेर पडली. मग एक ऑस्ट्रेलियन खाण उद्योगसमूह आला, त्याला इथल्या विजेवर हायड्रोजन तयार करून विकायचा होता. प्रत्येकाकडे नवा आराखडा, नवा आकडा.

वीट एकही बसली नाही.

पण 2013 चा आराखडा जपून ठेवावा असा आहे. त्यात वाटप स्पष्ट होतं. एकूण 4,800 मेगावॉट. दक्षिण आफ्रिकेला 2,500. कटांगाच्या खाणींना 1,300. आणि काँगोच्या वीजमंडळाला, म्हणजे उरलेल्या अख्ख्या देशाला, 1,000.

पुन्हा वाचा. 2,500, 1,300, 1,000.

नदी काँगोची. जमीन काँगोची. कर्जाची हमी काँगोच्या तिजोरीची. आणि काँगोची माणसं पंगतीत शेवटच्या पानावर. तेही 1,000 मेगावॉट आधी किन्शासाच्या जाळ्यात जाणार, जे जाळं आत्ताच जागोजागी फाटलेलं आहे.

असं का होतं? कुणी दुष्ट आहे म्हणून नव्हे. अर्थपुरवठ्याची रीतच तशी आहे. अब्जावधी डॉलरचं कर्ज द्यायचं तर बँक पहिल्यांदा विचारते: वीस-पंचवीस वर्षं वेळेवर बिल कोण भरणार? त्याचा सहीशिक्क्याचा वीजखरेदी करार दाखवा. दक्षिण आफ्रिकेचं वीजमंडळ करार दाखवू शकतं. खाण कंपनी दाखवू शकते. मेणबत्ती लावणारी बाई दाखवू शकत नाही. तोट्यात बुडालेलं, वसुली न होणारं सरकारी मंडळही दाखवू शकत नाही. म्हणून अहवालात ‘मागणी’ या शब्दाखाली फक्त त्यांचीच गरज धरली जाते, ज्यांच्या खिशात पैसे आहेत. बाकीच्यांची गरज ही मागणी ठरतच नाही.

विजेची सर्वात जास्त गरज ज्याला, तोच हिशेबाबाहेर. हीच या सगळ्यातली गोम.

यावर ठरलेलं उत्तर असतं: आधी वीज विकू, परकीय चलन येईल, त्या पैशातून गावं उजळतील. ऐकायला बरं वाटतं. हेच तर्कशास्त्र इंगा 2 ला लावलं होतं. तांबं विकू, पैसा येईल, देश उभा राहील. चाळीस वर्षं झाली. आणखी किती वाट पाहायची?

मराठी वाचकाला यात नवं काय? 1921 मध्ये मुळशीच्या मावळ्यांनी हेच विचारलं होतं. मुंबईच्या कारखान्यांना वीज हवी, म्हणून टाटांचं धरण मुळशीत. भाताची खाचरं पाण्याखाली, दिवे मुंबईत. सेनापती बापटांनी सत्याग्रह उभा केला, तुरुंगात गेले. धरण झालंच. त्यानंतर कोयना. राज्याच्या उद्योगाला कोयनेनं आधार दिला, हे कुणीही नाकारणार नाही. पण धरणाला साठ वर्षं होऊन गेली तरी कोयनेच्या धरणग्रस्तांना जमिनीसाठी धरणं धरून बसावं लागतं, हेही तितकंच खरं.

आणि बिलगाव? नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव तालुक्यात, नर्मदेला मिळणाऱ्या उदई नदीवरचं आदिवासी गाव. वीज नाही. लोकांनी नर्मदा आंदोलनाच्या साथीनं आणि केरळातून आलेल्या तरुण तंत्रज्ञांच्या मदतीनं स्वतःच बंधारा घातला, पाट काढला, पाणी खाली सोडून यंत्र फिरवलं. श्रमदान गावाचं. 2003 च्या जानेवारीत दिवे लागले. क्षमता 15 किलोवॉट. मेगावॉट नव्हे, किलोवॉट. ‘स्वदेस’ चित्रपटातल्या वीजनिर्मितीमागची प्रेरणा म्हणून या गावाचं नाव सांगितलं जातं.

सूत्र तेच: पाणी गुणिले उतार गुणिले 9.8. फरक एवढाच की इथे दिवा कुणाच्या घरात लागणार हे पाट खणण्याआधी ठरलेलं होतं. किंबहुना पाट खणणारेच ते लोक होते.

2006 च्या पावसाळ्यात सरदार सरोवराचं पाणी चढलं आणि बिलगावचं वीजघर बुडालं. सरदार सरोवर 1,450 मेगावॉटचं. महाराष्ट्राचा त्या विजेत वाटा 27 टक्के. मोठ्या विजेनं छोटी वीज गिळली, आणि ती गिळताना बिलगावच्या पाड्यांना बदल्यात काय मिळणार, हे आधी ठरवायची कुणाला गरज वाटली नाही.

लहान ते सुंदर, असं म्हणून मोकळं होता येत नाही. लहान प्रकल्पालाही हिशेब चुकत नाही. काँगोच्याच पूर्वेला विरुंगा राष्ट्रीय उद्यान आहे, गोरिलांचं. आफ्रिकेतलं सर्वात जुनं, 1925 चं. कोळशासाठी उद्यानातली झाडं पडत होती, बंदूकधारी टोळ्या त्या कोळशावर पोसल्या जात होत्या. उद्यानाच्या व्यवस्थापनानं ओळखलं की पहारे वाढवून झाडं वाचणार नाहीत. उद्यानातून वाहणाऱ्या नद्यांवर त्यांनी वीजघरं बांधायला घेतली. मुत्वांगाला एक लहान केंद्र झालं, मग 2015 मध्ये मातेबेला 13 मेगावॉटचं, मग लुविरोला. गोमा शहरात रस्त्यांवर दिवे आले, घरांत आगाऊ पैसे भरायचे मीटर आले, मुत्वांगाला साबणाचा कारखाना चालू लागला.

वाचायला छान. आता अडचण ऐका.

लुविरोचं केंद्र तयार झालं तेव्हा आसपास वीज घ्यायला पुरेसं गिऱ्हाईक नव्हतं. घरं होती, माणसं होती, गरज होती. पण तारा पोचल्या नव्हत्या आणि जोडणीचा खर्च लोकांना झेपत नव्हता. शिवाय भोवती लढाई. मग उद्यानानं काय केलं? लोखंडी कंटेनरांत संगणक बसवले आणि त्या विजेवर बिटकॉइन काढायला घेतलं. 2020 पासून. त्या उत्पन्नावर कठीण काळात उद्यानाचे पगारही भागले. हा मार्ग वाईट म्हणवत नाही. पण अंधारातल्या गावांशेजारी बिटकॉइनला वीज पुरते आणि चुलीला पुरत नाही, याचा अर्थ सरळ आहे. वीज निर्माण करणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे तारा, डीपी, मीटर, जोडणी आणि परवडणारा दर. हे निम्मं महागही आहे आणि कटकटीचंही. त्याचा फोटो चांगला येत नाही.

2025 च्या जानेवारीत एम-23 बंडखोरांनी गोमा घेतलं. लढाईत वीज तुटली, त्या विजेवर चालणारे पाण्याचे पंप बंद पडले, आणि लोक घागरी-कॅन घेऊन किवू तलावावर गेले. वीज म्हणजे फक्त दिवा नव्हे हे गोमाला त्या दिवसांत कळलं. नळ, दवाखाना, पिठाची गिरणी, सगळं त्याच तारेच्या टोकाला असतं. व्यवहार्यता अहवालात याची किंमत कुठल्या रकान्यात लिहितात?

खर्चाचे अंदाज किती खरे ठरतात, हेही एकदा बघून घ्यावं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2014 मध्ये 245 मोठ्या धरणांचा अभ्यास मांडला. 1934 ते 2007 या काळातली, जगभरची धरणं. प्रत्यक्ष खर्च अंदाजापेक्षा सरासरी 96 टक्क्यांनी जास्त. बांधायला सरासरी साडेआठ वर्षांहून अधिक. म्हणजे अहवालात दिलेली रक्कम जवळपास दुप्पट करून वाचायची. एवढी जुनी, एवढी सातत्यानं होणारी चूक ही चूक कशी म्हणायची? अंदाज खरा सांगितला तर प्रकल्प मंजूर होत नाही, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही.

आणि पाऊस? झांबिया आणि झिंबाब्वेच्या सीमेवर, झांबेझी नदीवर, करिबा धरण आहे, 1950 च्या दशकातलं. त्यासाठी टोंगा जमातीची सुमारे 57 हजार माणसं उठवली गेली. झांबियाची बहुतेक वीज पाण्यावर. 2024 च्या दुष्काळात करिबाचा वापरता येणारा साठा तळाला गेला आणि देशात दिवसचे दिवस वीज नाही अशी गत झाली. जुन्या पावसाच्या नोंदींवर नव्या काळाचा भरवसा ठेवला की असं होतं. काँगो नदी झांबेझीपेक्षा कितीतरी भरवशाची, मान्य. पण उद्या सगळा देश एकाच वळणावरच्या एकाच वीजघरावर आणि एकाच तारेवर टांगायचा का, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

हे सगळं कुणी आधी सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. 2000 मध्ये जागतिक धरण आयोगाचा अहवाल आला. अध्यक्ष दक्षिण आफ्रिकेचे कादर अस्माल, सदस्यांत आपल्या मेधा पाटकर. अहवाल लंडनमध्ये नेल्सन मंडेलांच्या हस्ते प्रसिद्ध झाला. त्यात दोन गोष्टी स्वच्छ लिहिल्या होत्या. नवं धरण ठरवण्याआधी गरज कुणाची आणि ती भागवायचे पर्याय कोणते, हे तपासा. आणि आधीची धरणं नीट चालवा, त्यांच्यामुळे उठलेल्या माणसांची देणी फेडा. भारत सरकारनं ती मार्गदर्शक तत्त्वं नाकारली.

इंगाच्या पहिल्या दोन टप्प्यांत उठवलेल्या कुळांची भरपाईची तक्रार अजून मिटलेली नाही. पन्नास वर्षं. तिसऱ्या टप्प्यासाठी त्याच खोऱ्यातली माणसं पुन्हा हलवायची आहेत. त्यांनी कुठल्या कागदावर विश्वास ठेवायचा?

आता ताजी गोष्ट. 2025 च्या जूनमध्ये जागतिक बँक परत आली. इंगा 3 च्या तयारीसाठी 100 कोटी डॉलरचा कार्यक्रम, त्यातले 25 कोटी पहिल्या टप्प्याला मंजूर. क्षमता अजून ठरायची आहे. 2 हजार मेगावॉटपासून 11 हजारांपर्यंत काहीही होऊ शकतं. पुन्हा अभ्यास होणार, पुन्हा अहवाल येणार. या वेळी इंगाभोवतीच्या गावांसाठीही काही रक्कम आहे, ही बरी गोष्ट. मोठा प्रकल्प नकोच, अशी भूमिका घेऊन भागणार नाही. 10 कोटी माणसांना सौरदिव्याच्या जोडीवर बोळवण्याचा सल्ला आपण कुठल्या तोंडानं देणार? त्यांनाही कारखाने हवेत, शीतगृहं हवीत, लोकल गाड्या हव्यात. वीस कोयना आहेत तर त्यातल्या दोन-चार त्यांच्या वाट्याला आल्याच पाहिजेत.

पण ते आत्ता लिहून घ्यायला हवं. क्षमता ठरायची आहे, खरेदीदार ठरायचे आहेत, सह्या व्हायच्या आहेत. एकदा वीस वर्षांच्या वीजखरेदी करारावर शिक्का बसला की मग गावांसाठी वीज मागणाऱ्याला करारभंग करणारा ठरवतात. इंगा 1 आणि 2 चे बंद-अर्धवट संच आधी दुरुस्त करा, आणि ती वीज खाणीआधी किन्शासा, मतादी, बोमा या शहरांच्या जाळ्यात सोडा. शहरांतल्या तारा, उपकेंद्रं, मीटर यांचा खर्च धरणाच्या त्याच कर्जात, त्याच अंदाजपत्रकात धरा. वेगळ्या टप्प्यात नको. नवी लांब तार टाकणार असाल तर वाटेत रूपांतर केंद्रं किती आणि कुठल्या गावांसाठी, हे नकाशावर दाखवा. निर्यातीतून येणाऱ्या पैशाचा किती हिस्सा जोडण्यांसाठी जाणार, तो आकडा करारातच घाला. यातलं एकही काम अशक्य कोटीतलं नाही. अभियंत्यांना ते येतं, बँकेला ते ठाऊक आहे.

2013 च्या आराखड्यात काँगोला 1,000 मेगावॉट होते. नव्या आराखड्यात किती, हे किन्शासातल्या सरकारनं आणि वॉशिंग्टनमधल्या बँकेनं पहिली निविदा निघण्याआधी जाहीर करावं. आणि त्या मेगावॉटच्या शेजारी घरांचा आकडाही लिहावा.